बाबांचं ओलीशी वैर

माझे सासरे, म्हणजे बाबा, घड्याळजी. एकेचाळीस वर्षं त्यांचं वैर फक्त एकाशी होतं, ओलीशी. घड्याळाच्या काचेखाली धुकं दिसलं की त्यांचा चेहरा उतरायचा. दुकान आता बंद झालं, पण सवयी कुठे निवृत्त होतात? साखरेच्या डब्यापासून औषधांच्या कपाटापर्यंत आमच्याकडे सगळीकडे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या सापडतात. एकदा तर मी तसली पुडी चहात टाकता टाकता वाचले. माणूस मात्र सोन्यासारखा, हे मी त्यांच्या तोंडावर कधी सांगणार नाही.

कोंबड्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या. त्यातली तांबडी त्यांची विशेष लाडकी. अंडी भरपूर घालायची, पण उबवायला बसायचं म्हटलं की बाईसाहेबांच्या जिवावर यायचं. म्हणून बाबांनी थर्माकोलच्या खोक्याची पेटी बनवली. आत बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी, दमटपणा दाखवणारा काटा आणि झाकणाला काच. तांबडीची अकरा अंडी मांडली. अठरा दिवस सगळं सुरळीत. शेवटचे तीन दिवस पिल्लू कवच फोडायच्या बेतात असतं, तेव्हा आत जास्त ओलावा लागतो, नाहीतर कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. बाबांनी हे वाचलं होतं, मलाही दोनदा ऐकवलं होतं. त्यांनी पाणी वाढवलं आणि तासाभरात काचेवर आतून धुकं चढलं.

मग त्यांच्या हातांनी एकेचाळीस वर्षं जे केलं तेच केलं. दोन पुड्या आत सरकवल्या.

एकविसाव्या दिवशी आतून टकटक आली, बारीक चिवचिव आली. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. पिल्लं पूर्ण वाढलेली होती, फक्त पापुद्र्यात जखडून गेली होती. आईंनी ती स्वतः लिंबाच्या झाडाखाली पुरली आणि पेटी पुसायला घेतली, तेव्हा पुड्या हाती लागल्या.

"मीच ठेवल्या," बाबा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

त्याच आठवड्यात तांबडीला कुत्र्यानं धरलं. टोपलीत तिची सात अंडी उरली होती. दुसरी कोंबडी बसायला तयार नव्हती. आईंनी टोपली बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि अबोला धरला. "सांग त्यांना, पानं वाढलीत." "सांग तिला, आलोच." दोघांच्या मध्ये मी, बिनपगारी टपाल.

बाबांनी या खेपेला पुड्या घराबाहेर काढल्या, सगळ्या. मग काट्याची परीक्षा घेतली. ओलं मीठ आणि काटा एका बरणीत बंद करून ठेवले. अशा वेळी काटा पंचाहत्तरवर यायला हवा, आमचा एक्क्याऐंशी दाखवत होता. म्हणजे आधीपासूनच आत दिसत होतं त्याहून कोरडं होतं. ते बराच वेळ ती बरणी हातात घेऊन बसले. पाणी घालताना झाकण उघडायला नको म्हणून त्यांनी बाहेरून वाटीपर्यंत बारीक नळी नेली आणि सातही अंडी मांडून इंजेक्शनच्या पिचकारीने कोमट पाणी सोडू लागले. अठराव्या दिवशी धुकं आलं. बाबांचे हात शिवशिवले, पण ते अंगणात फेऱ्या मारून आले.

एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला बारीकसं भोक पडलं. चोचीचं टोक दिसलं आणि हालचाल थांबली. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. अडकलेली वस्तू समोर आणि ती उघडायची नाही, हे बाबांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून खुर्चीत बसले.

तीन वाजता आई आल्या. पेटीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळल्याच नाहीत.

"अहो, उघडा ना," त्या म्हणाल्या. "गुदमरतंय ते. तुमचा हात हलका आहे, अलगद काढाल."

सव्वीस दिवसांनी बायको बोलली होती. बाबांच्या जागी माझा नवरा असता तर झाकणच काय, छप्पर उघडलं असतं.

"नाही," बाबा म्हणाले. "ते दम खातंय. आत्ता उघडलं तर ओल जाईल, सातही वाळतील. तांबडीची आहेत, पुन्हा नाही मिळायची."

"आणि हे गेलं तर?"

"तर माझ्याशी कधीच बोलू नकोस. पण मी उघडणार नाही."

मला वाटलं, आता आई उठून जातील. त्यांनी स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने बाबांचा एक हात मांडीखालून ओढून काढला. तो बधिर होऊन पांढरा पडला होता. काचेवरची नजर न काढता आई तो चोळत राहिल्या, एकेक बोट करून. मी त्या दोघांवर इतकी माया याआधी कधी केली नव्हती.

साडेचारच्या सुमाराला कवचाला गोल चीर गेली. टोपी उघडावी तसं वरचं टोक उचललं गेलं आणि एक ओलंगच्च, केविलवाणं पिल्लू बाहेर लोळलं. मी पाहिलं, आईंनी पाहिलं. बाबांनी नाही. ते आईंकडे बघत होते.