घर बसतंय

घरमालकाने दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं, तेव्हा माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. मी हिंगोलीत सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा सेनगाव तालुक्यात शिक्षक. भाड्याचं घर बघायला गेलो की आधी आडनाव विचारायचे, आणि ते कळलं की घर पाहुण्यांसाठी ठेवलंय म्हणायचे. म्हणून ठरवलं, आता विकतच घ्यायचं.

पण तिथेही झुंबड होती. लेकरांच्या शिक्षणासाठी खेड्यापाड्यातली माणसं शहरात घर करत होती. सकाळी पाहिलेलं घर दुपारी विचारावं, तर गेलेलं. एकदा तर आम्ही आत खोल्या बघत होतो आणि बाहेर अंगणात दुसऱ्या कुणाचा इसार चालला होता.

एका दुपारी एजंटचा फोन आला. "ताई, शहराच्या कडेला रो-हाऊस हाये, नवंकोरं. वसमतची पार्टी निघाली हाये. ते बोलले की घर गेलं समजा."

मी ड्युटीच्या कपड्यांतच गेले, नवरा शाळेतून परस्पर आला. फाटकाशी खरंच गाडी उभी होती. आत एक जोडपं भिंतींवरून हात फिरवत होतं. स्वयंपाकघरात मला ओल्या मातीचा वास आला.

"इथं ओल आहे का?"

"फरशी नवी बसवली, ताई. वास तर येनारच."

तेवढ्यात त्या जोडप्यातल्या माणसाने खिशातून फोन काढला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि त्याने इसार देऊन टाकला. ते दोघं गाडीत बसून निघून गेले. आम्हाला जिंकल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या आत राहायला गेलो. हिवाळा चांगला गेला. उन्हाळ्यात स्वयंपाकघराचं दार लागेना. सुताराने रंधा मारून दिला, तरी थोड्या दिवसांनी ते पुन्हा अडकलं. ओट्याखाली केसाएवढी चीर पडली. मग तिच्यात नख जायला लागलं. एजंटला फोन केला तर तो हसला. "घर बसतंय, ताई. नव्या घराचं असंच असतंय."

त्या दिवसांत आई सेनगावकडच्या गोरेगावहून आली होती. दुपारी फरशीवर आडवी झालेली ती एकदम उठून बसली.

"खाली काय पडून राहिलं गं?"

मी कान लावला. फरशीखाली माती सुटत होती. थांबून थांबून, आणि फार खोल. नवरा म्हणाला, घूस असेल. मग त्यानेही कान लावला, आणि उठून थेट बिल्डरला बोलावलं. बिल्डर पावसाळा झाल्यावर बघू म्हणाला. आम्ही त्या खोलीत हळू पावलं टाकायला लागलो.

श्रावणात झड लागली. रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते, मुलगी पायाशी लाटणं घेऊन खेळत होती. आईने अचानक तिला उचललं.

"बाहेर हो. डबे वाजून राहिले."

मांडणीवरचे डबे थरथरत होते. मी गॅस बंद करून दाराबाहेर पाय टाकला. मागे म्हणावा तेवढा मोठा आवाजही झाला नाही. वळून पाहिलं तर मधली फरशी नव्हती. खाली काळ्या पाण्यावर ज्वारीचं पीठ तरंगत होतं आणि भोवती जुनं गोल दगडी बांधकाम दिसत होतं. कधीकाळच्या शेतातली विहीर, वरवर बुजवलेली. आईने दुपारपर्यंत मुलीला जमिनीवर टेकू दिलं नाही.

बिल्डर म्हणाला, विहीर जमीनवाल्याने बुजवली. जमीनवाला म्हणाला, मी दाखवूनच विकली. आमची तक्रार अजून चालू आहे. मधल्या काळात बिल्डरने खड्ड्यात मुरूम ओतून वर चकचकीत फरशी बसवून दिली. आम्ही तिथे राहायला गेलो नाही, पुन्हा भाड्याचं घर शोधलं.

आमच्या आणि शेजारच्या घराच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच. ते घर तेव्हा रिकामं होतं. एकदा आम्ही उरलेलं सामान आणायला गेलो, तर एक तरुण जोडपं ते बघत होतं. माझा नवरा धावत गेला. त्यांना आमच्या स्वयंपाकघरात आणून म्हणाला, "याच्याखाली विहीर आहे. घाई करू नका."

त्या माणसाने फरशीवर टाच आपटून पाहिली. "पक्की तर हाये. काहून सांगून राहिले, भाऊ? तुमाला बी तेच घर पाहिजे काय?"

पुढच्या खेपेला त्यांच्या दाराला तोरण होतं. त्या जोडप्यातल्या तरुणीने आग्रहाने चहा दिला. आत या म्हणाली, पण मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आत कुठेतरी तिचं तान्हं रडत होतं.

"लेकराला कुठं झोपवतेस?" मी विचारलं.

"मागं. स्वैपाकघराजवळ गार असतंय."

"पुढच्या खोलीत झोपवत जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली, आणि पाळणा ओढत पुढे आणायला लागली.