गुळगुळीत पावती

सिरसाळ्यात शिलाई मशीन बिघडलं की इसाकभाईंना बोलावतात आणि कॉम्प्युटर बिघडला तरी इसाकभाईंनाच. दोन्हींत आत काहीतरी फिरतं आणि बाहेर काहीतरी निघतं, एवढ्या पुराव्यावर गावानं हे ठरवून टाकलंय. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस यंत्राला हात लावण्याआधी टोपी सरळ करतो, जणू एखाद्या बुजुर्गापुढं बसायचंय.

त्या दिवशी गहिनीनाथरावांच्या वजनकाट्यावरचा जुना, खडखडणारा प्रिंटर कायमचा गप्प झाला. काट्यावर चतुराबाईंची कापसाची ट्रॉली उभी. पाचला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलचं फाटक बंद होणार, पुढं दोन दिवस सुट्टी, ट्रॅक्टर मागून आणलेला. आणि वजनाच्या पावतीशिवाय जिनिंगवाले ट्रॉली आत घेत नाहीत.

गहिनीनाथरावांनी घाईघाईत परळीहून नवा प्रिंटर आणला. जुन्यात तीन प्रतींसाठी कागदांत कार्बन घालत, म्हणून यातही घातला. प्रिंटर घरघरला, गुदमरला, थांबला.

इसाकभाईंनी चिमट्यानं कार्बन ओढून काढला. "गहिनीनाथराव, हा ठोके मारत न्हाई. कार्बन काहून खायला घातला?"

"मला वाटलं, सवयीचं असंल त्याला."

खरी अडचण पुढं होती. काट्याचा प्रोग्राम पंचवीस वर्षांपूर्वीचा. काटा त्याच्याशिवाय कुणाशी बोलत नाही आणि त्याला या नव्या प्रिंटरची ओळखच नाही. दोघांना जोडायला केबलसुद्धा एक नाही.

इसाकभाईंनी आपला लॅपटॉप मधे ठेवला. एक केबल काट्याच्या जुन्या कॉम्प्युटरला, दुसरी नव्या प्रिंटरला. मग जुन्या कॉम्प्युटरवर एक ओळ टाइप केली.

"काय सांगितलं त्याला?" चतुराबाईंनी विचारलं.

"तुझा प्रिंटर हितंच हाय म्हणलं. जुनं माणूस हाय, आक्का. त्याला बदलायचं न्हाई. त्यानं बोलायचं, ह्या लॅपटॉपनं ऐकून घ्यायचं, आन् प्रिंटरला त्याच्या भाषेत सांगायचं."

पहिला कागद निघाला, त्यावर नुसत्या फुल्या आणि चांदण्या. गहिनीनाथरावांनी कपाळाला हात लावला. इसाकभाई मात्र खूश.

"बोलतोय, पण हा लई जल्दी ऐकतोय." त्यांनी लॅपटॉपचा वेग उतरवला आणि पुन्हा बटण दाबलं. लॅपटॉपवर एकेक अक्षर उमटत गेलं. पंचवीस वर्षांचा म्हातारा आपल्या जुन्या प्रिंटरशी बोलतोय अशा समजुतीनं बोलत होता, आणि नव्या प्रिंटरमधून स्वच्छ पावती सरकत आली: चार हजार दोनशे ऐंशी किलो.

चतुराबाईंनी पावती घेतली, उलटी केली, मागून अंगठा फिरवला.

"ही न्हाई चालायची. गुळगुळीत हाय. काट्याच्या पावतीला मागून टोचल्याचं हाताला लागतं. ही कुनीबी छापंल."

वाचता न येणाऱ्या बाईनं वीस वर्षं पावती अशीच तपासली होती. साडेचार वाजले होते. गहिनीनाथराव शपथा घेऊ लागले. इसाकभाईंनी त्यांना थांबवलं.

"राव, तुमचं वजन किती?"

"नव्वद. डॉक्टरनं कमी केलंय."

"चढा काट्यावर."

"ट्रॉली उभी हाय की!"

"तिच्या बाजूलाच उभं राहा."

गहिनीनाथराव चढले आणि नकळत पोट आत ओढून उभे राहिले. इसाकभाईंनी बटण दाबलं. पावती सरकत आली. चतुराबाईंनी ती ट्रॅक्टरवाल्या रविराजपुढं धरली. "वाच."

"चार हजार तीनशे नव्वद."

"म्हंजी मालक किती?"

"एकशे दहा, आजी."

"काटाच चुकतोय!" गहिनीनाथराव ओरडले.

चतुराबाई पहिल्यांदाच हसल्या. "न्हाई चुकत. मालकाची भीड धरत न्हाई त्यो मला कशाला फसवंल? हाण रं ट्रॅक्टर!"

फाटक बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. गहिनीनाथरावांनी दुसरी पावती फाडून टाकायला हात पुढं केला, तोवर ती पहिलीसोबत चतुराबाईंच्या कनवटीला गेली होती.