काउंटरवरची डॉक्टरकी

दाताच्या दवाखान्यात किस्से साचतात ते बाहेर, माझ्या काउंटरपाशी. आत खुर्चीवर बसलेल्याचं तोंड उघडं असतं, पण बोलता कुठे येतं! फतेगंजच्या या दवाखान्यात मी तेरा वर्षं पेशंटचे नंबर लावते. सांगायला लाज वाटते, पण यातले बरेच किस्से माझेच आहेत.

*

मकरपुऱ्याचा एक फिटर वरची दाढ काढायला आला. मी आपुलकीने म्हटलं, "भाऊ, वरची दाढ काढली की नजर अधू होते. विचार करा." तो गेला तो गेलाच! पंधरा दिवसांनी गाल टम्म सुजवून परत आला.

आमच्या डॉक्टर हेतलबेन मला गुजरातीत म्हणाल्या, "सुनीताबेन, तमे मारी तरफ छो के सडानी?" म्हणजे मी त्यांच्या बाजूची की किडीच्या!

*

एका प्रोफेसरबाईंनी दात साफ करायची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. "मशीनने दात हलायला लागतात म्हणे."

"कोण म्हणतं?" मी ठसक्यात विचारलं.

"अहो, तुम्हीच तर मागच्या वेळी म्हणालात!"

फोन स्पीकरवर होता. हेतलबेन शेजारीच उभ्या होत्या.

*

नणंदेच्या सहा वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ किडली. मी म्हटलं, "पडणारच आहे ती, कशाला पोरीला खुर्चीवर बसवता?" पुढे एका लग्नात पोरगी श्रीखंडाचा पहिला घास घेऊन कळवळली आणि भर पंगतीत मला म्हणाली, "मामी, पडणारच आहे ना? मग आत्ता पाड!"

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

*

शेवटी हेतलबेननी मलाच शिकवायला घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत एक धडा. एके दिवशी म्हणाल्या, "हिरड्यांतून रक्त आलं म्हणून ब्रश सोडायचा नाही. मऊ ब्रशने घासायचं आणि लगेच दाखवायला यायचं."

मी डबा बंद केला. घडियाळी पोळमध्ये, म्हणजे आमच्या गल्लीत, शेजारच्या शिर्केकाकूंना मीच सांगितलं होतं, "रक्त येतंय ना? मग ब्रश बंद! हिरड्यांना आराम द्या."

त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात गेले. ओट्यावर तीन-चार बायका बसलेल्या. काकू कौतुकाने म्हणाल्या, "हिचं ऐकलं आणि रक्त दिसायचं थांबलं बघा. आमची सुनीता म्हणजे अर्धी डॉक्टरच!"

इतक्या जणींसमोर कसं सांगायचं? उद्या सांगू म्हटलं आणि चहा पिऊन घरी आले. उद्याचा परवा झाला. मग नवरात्र आलं, दिवाळी आली. काकू समोरून आल्या की मी मान खाली घालून चपला शोधायचे. इतकी भित्री मी आहे हे मला माहीत नव्हतं.

*

दिवाळीनंतर काकू स्वतःच दवाखान्यात आल्या, तोंडावर पदर धरून. मी त्यांचा नंबर लावला.

थोड्या वेळाने हेतलबेननी फाइल घेऊन मला आत बोलावलं. एक्स-रे दिव्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "खालचे पुढचे चार दात नाही वाचणार. काकी, ब्रश बंद करवानुं कोणे कह्युं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाइलमध्ये डोकं घातलं.

"मोबाइलवर कसलासा व्हिडिओ आला होता," काकू म्हणाल्या. "चूक माझीच, डॉक्टर. शेजारी सुनीता असताना मी तिला विचारलंच नाही."