सुहैलच्या आड आलेला दिवा

आमच्या गावात सुहैल गेली कित्येक वर्षं टीव्हीवरच उगवत होता. उन्हाळा सरत आला की बातम्यांत टाय लावलेला एक गृहस्थ सांगायचा, दक्षिणेला सुहैलचा तारा दिसू लागला, आता उकाडा ओसरणार. ज्यांचे बाप तो तारा पाहून कळप हलवायचे ते आमचे म्हातारे मग समाधानाने मान डोलवत आणि पंखा जरा कमी करत. आकाशात तो कुणालाच दिसत नव्हता. तारा गेला, असं सर्वांचं मत होतं. कुठे गेला, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

श्तेवीला मात्र हे पटत नव्हतं. तो माझा शेजारी. दिवसा रम नावाच्या राखीव वाळवंटात पाहुण्यांना जीपमधून फिरवायचा आणि अंधार पडला की त्याच वाळूत कॅमेरा रोवून एकटा बसायचा. कॅमेऱ्यासाठी त्याने दुभती सांडणी विकली होती.

"दूध देणारी विकली आणि उजेड पिणारी आणली," असं त्याची आई वदहा आल्यागेल्याला सांगे.

"हिला चारा लागत नाही, आई."

"आणि चहात काय घालू, मेल्या? चांदणं?"

सुहैल आहे तिथेच आहे, आपल्या दिव्यांनी तो झाकलाय, असं श्तेवी चारचौघांत बोलून बसला होता. आता फोटो काढून दाखवणं भाग होतं. नाहीतर आमच्याकडे माणूस म्हातारा होईपर्यंत असल्या वाक्याने ओळखला जातो.

अकाबा शहराच्या उजेडाने पश्चिमेचं आकाश केव्हाच गिळलं होतं. श्तेवीने त्याच्याशी भांडण काढलं नाही. शहर काही कुणाचा काका नसतो. त्याने त्याच्याकडे पाठ केली आणि सुहैल जिथून वर येतो त्या आग्नेयेकडचे तंबू धरले. प्रत्येक तंबूत जाऊन तो चहा प्यायला, फोटो दाखवले, नातीगोती विचारली आणि उठताना जाता जाता म्हणाला, "तुम्ही झोपता, मग दिव्यालाही झोपू द्या की." एकेक करत सगळे दिवे मालवले. कुणाचं मन न दुखावता कुणाचा दिवा विझवणं मला तरी आयुष्यात जमलेलं नाही.

उरला मुतलककाकांचा दिवा. तो त्यांच्या तंबूपाशी उंच खांबावर होता आणि सुहैल ज्या दोन कड्यांच्या फटीतून वर यायला हवा, नेमका तिच्या तोंडावर. काकांच्या बापाची शेकोटी त्या जागी रात्रभर जळायची. वाट चुकलेल्याने ती पाहून यावं, ही त्या घराची इभ्रत. शेकोटीचा दिवा झाला, इभ्रत तीच राहिली.

मागणं घेऊन आलेला माणूस आमच्याकडे कॉफीचा पेला ओठांना न लावता खाली ठेवतो. यजमान "पी, दिलं" म्हणाला की मगच पितो. पेला गार झाला तर घराची नाचक्की. श्तेवीने पेला खाली ठेवला. आता काकांची मुलगी नुवैर लग्नाची होती आणि वदहाच्या तिथे खेपा वाढल्या होत्या. काकांचा चेहरा उजळला.

"पी रे पी. दिलं!"

"काका, मी काय मागतोय ते तरी—"

"तुझा बापही असाच लाजायचा. चार माणसांसमोर दिलं म्हणतो ना!"

श्तेवीने कॉफी संपवली. "मग काका, सुहैल यायच्या पहाटे तेवढा खांबावरचा दिवा बंद ठेवा."

चारही माणसं जमिनीकडे पाहू लागली. पडद्याआडून नुवैरचा आवाज आला, "देऊन टाका, बाबा. दिव्यावर भागतंय तर स्वस्तात सुटलो."

काकांनी रिकामा पेला उचलून घेतला. मग म्हणाले, "वाट चुकलेला माणूस काय तुझा फोटो बघत येणार?"

"शब्द परत घ्या, काका. मी रागावणार नाही."

"मी रागावेन."

ठरल्या पहाटे दिवा विझला. श्तेवीने कॅमेरा फटीकडे लावला, झडप उघडली आणि ती तशीच उघडी ठेवून बसला. तेवढ्यात काकांच्या तंबूतून धप् धप् सुरू झालं. दिव्याचा शब्द दिला होता, उखळाचा नव्हता. वाट चुकलेल्याने निदान कानाने तरी यावं, म्हणून काका लाकडी उखळात कॉफी कुटत बसले होते.

आणि कॉफी कुटल्याचा आवाज आला की आमच्यापैकी कुणी अंथरुणात राहत नाही. एवढ्या पहाटे म्हणजे मोठा पाहुणा तरी आला असणार, नाहीतर कुणी गेलं असणार. सगळी वस्ती जीपा काढून निघाली, अर्थात दिवे लावून, थेट कॅमेऱ्यासमोरून.

कुणीही बोंब मारली असती. श्तेवी उठला, वाळू झटकली आणि काकांच्या सतरंजीवर जाऊन बसला. उखळाने बोलावल्यावर लांब बसून कसं चालेल?

"आला का तुझा तारा?" काकांनी विचारलं. गाड्यांचे दिवे एव्हाना विझले होते. श्तेवीने फटीकडे बोट केलं. सगळे तिकडे वळले.

"तो? खाली लुकलुकतोय तो?" काका डोळे बारीक करून बघत राहिले. "माझ्या लहानपणी मोठा होता."

"तेव्हा तुम्ही लहान होतात, काका."

फोटोत वाळूवर पांढरे लांबलचक पट्टे आले आणि वर फटीत एक ठिपका. श्तेवी तो फोटो पुसायला निघाला होता.

"हे पट्टे कसले?" काकांनी विचारलं.

"तुमचे पाहुणे."

काकांनी फोटो ठेवून घेतला. तो आता त्यांच्या तंबूत टांगलाय. आल्यागेल्याला ते आधी पट्टे दाखवतात, तारा कॉफीनंतर. खांबावरच्या दिव्याला तुपाच्या डब्याची टोपी आली आहे. उजेड वाळूवर पडतो. काकांच्या मते पाहुणा उडत येत नाही, तेव्हा तेवढा पुरे. पत्रा श्तेवीने कापला. तो कापताना पलीकडून नुवैरने धरला होता, असं वदहा सांगते, आणि तिने हल्ली सांडणीचा विषय काढणं बंद केलं आहे.

यंदा टीव्हीवरचा गृहस्थ सुहैलचं सांगू लागला, तेव्हा मुतलककाकांनी पेला पुढे करत त्याचा आवाज बंद केला.

"शिळी बातमी," ते म्हणाले. "तो इथे कालच येऊन गेला."