गिरणीची पुकपुक

"आतलं काय बदलायचं ते बदला, पन दळन आननाऱ्या बायायले काई फरक पडला नाई पाह्यजे. त्यायची सवय मोडली त इंजिन परत बसवीन." सासूबाईंनी अशी अट घातली तेव्हा मी मनात म्हटलं, त्यात काय मोठंसं.

मोताळ्याला आमची पिठाची गिरणी होती. ती तेलाच्या इंजिनावर चाले आणि ते इंजिन रोज सकाळी माझे सासरे हँडल मारून सुरू करत. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. एकदा त्या हँडलनं उलटा झटका दिला आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना. माझा नवरा परगावी नोकरीला आणि मला हँडलजवळ कुणी फिरकू देत नसे. त्यामुळे दुखऱ्या हातानं मामंजीच ते मारत, आणि नंतर तासभर खांदा शेकत बसत.

गावात वीज आली तसा मी मोटारीचा धोशा लावला. अट मात्र मी तंतोतंत पाळली. जातं तेच, पट्टा तोच, पीठ तितकंच बारीक, डब्यांची रांगसुद्धा दाराच्या त्याच अंगाला. फक्त पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला इंजिनाऐवजी मोटार. मामंजींनी एका बोटानं बटण दाबलं आणि गिरणी फिरायला लागली. ते स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

पण दळण घेऊन कुणी आलंच नाही. तो दिवस गेला, पुढचाही गेला, ज्वारीचा एक डबा दारात लागला नाही. काढून ठेवलेल्या इंजिनावरचं पोतं तेवढं सासूबाईंनी झटकून पुन्हा घातलं. मामंजी खांदा चोळत बसले. मला सगळ्या गावाचा राग आला. वीज नको असेल तर बसा म्हणावं अंधारात.

बाजाराच्या दिवशी खालच्या आळीतली एक काकू भाजी घेताना भेटली. तिची दळणं वर्षानुवर्षं आमच्याकडे.

"काऊन वं बाई, गिरनी बंद हाय काय तुमची?"

"चालूच आहे की."

"मंग पुकपुक काऊन आयकू येत नाई?"

मी मिरच्या तशाच टाकून उभी राहिले. इंजिनाच्या धुराड्यावर एक डबडं बसवलेलं असे, त्याची पुकपुक पार मळ्यांपर्यंत जाई. ती ऐकूनच बाया दळणाचा डबा डोक्यावर घेत. आवाज आला की या, असं आम्ही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनीच ते धरून ठेवलं होतं.

घरी येऊन मी मोटार बंद केली, पट्ट्याच्या सांध्यावर जुन्या चपलेचं चामडं शिवलं आणि त्याच्या वाटेत तुळईला रॉकेलचा रिकामा डबा टांगला. पट्टा फिरला की चामडं डब्यावर आपटे.

"हे कसलं सोंग?" सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "वाजू तर द्या."

चहा होईपर्यंत पहिली बाई दारात आली, तिच्यामागे दुसरी. दुसरीनं डबा रांगेत ठेवला आणि कान टवकारले.

"इंजिनाले पडसं झालं काय? आवाज बसला त्याचा."

"हाव," मामंजी गंभीरपणे म्हणाले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. इंजिन परत बसवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मार खाऊन डबा फाटायचा, मग मी स्टुलावर चढून नवा टांगायची. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी स्टूल घेऊन गेले तर मामंजी तुळईखाली उभे होते. नव्या डब्याची तार त्यांच्या उजव्या हातात होती आणि तो हात हळूहळू डोक्याच्या वर चालला होता. मी धरायला पुढे झाले.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "पोचते आता."