गॅसवरचा हत्ती

धुकं असं दाट होतं की खाडीतल्या होड्यांची नुसती टोकं दिसत होती. पाणी कुठवर आलंय ते आवाजावरूनच ओळखायचं. मावशीने पँटवर पँट चढवली होती, कानाला मफलर गुंडाळला होता आणि बुडाखाली जाड उशी घेतली होती. उशी नसली तर तिला काचेतून फक्त आभाळ दिसायचं. बाई बुटकी, गाडी डोंगराएवढी.

गाडीला सगळे हत्ती म्हणायचे. चारही चाकांना जोर, मागे दणकट हूक. नवऱ्याने हौसेने घेतलेली. तो गेला तेव्हा मावशीच्या थोरल्या भावाने गिऱ्हाईकच दारात आणून उभं केलं. मावशीने गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग जावयाला शेजारी बसवून रिकाम्या मैदानात ती गाडी शिकली, तीही आधी उलटी. सुलटी काय, कुणीही चालवतं; मागे ट्रेलर जोडून शेवाळलेल्या उतारावरून पाण्यात उलटं उतरायचं, होडी ट्रेलरवर घ्यायची आणि वर ओढून दुरुस्तीच्या आवारात पोचवायची, यात खरा कस. आता त्या काठावर हे काम म्हणजे मावशीचंच.

हत्ती पेट्रोल प्यायचा मात्र हत्तीसारखाच. म्हणून जावयाने पेट्रोलची टाकी काढून तिथे गॅसची बसवली. भाऊ तेव्हाही बोललाच, "गॅसवर इंजिन कोरडं चालतं. झडपा जळतील, मग रडत येशील माझ्याकडे."

"रडायला तुझ्याकडे कशाला? माझं घर आहे की!" मावशीने तोडून टाकलं होतं.

बरेच दिवस हत्ती झकास चालला. पण थंडी पडली आणि चढावर, होडी मागे असताना, तो अर्ध्यातच आचके देऊन बंद पडायला लागला. जरा थांबलं की पुन्हा मुकाट सुरू. मावशी मनातल्या मनात हिशेब करायची. झडपा गेल्या म्हणजे इंजिन गेलं, इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली, आणि मग भावाच्या दुकानात गल्ल्यामागे बसून दिवसभर त्याचं ऐकायचं. जावयाला विचारावं तर जीभ रेटेना. पोरीच्या नवऱ्याला कसं म्हणायचं, तुमच्या हाताने माझं इंजिन खाल्लं?

त्या सकाळी पहिलीच होडी वर येताना हत्तीने मान टाकली. मावशीने हँडब्रेक खेचला. होडीचं बूड अजून पाण्यात, आणि पाणी चढत होतं.

"मावशी, हत्ती बसला की हो!" होडीवाला म्हातारा ओरडला.

"बसला नाही, विचार करतोय. तुम्ही आधी चाकामागे ठोकळे सारा!"

ठोकळे लागले तशी तिने फोन काढला. आता लपवून चालणार नव्हतं. "जावईबापू, मोकळे असाल तर जरा येता का? नाही नाही, विशेष काही नाही. होडी उतारावर लटकलीय."

जावई आला तो एका गालाला साबण तसाच घेऊन. त्याने बॉनेट उघडलं. तो खाली वाकण्याआधीच मावशी भडभडून बोलली, "झडपा जळल्या ना? सांगून टाका एकदाचं. दादा म्हणालाच होता."

जावई इंजिनावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई, इकडे या. हात लावा."

इंजिनाच्या कडेला एक गोल डबा होता. टाकीतून पातळ आलेल्या गॅसची तिथे वाफ व्हायची. त्या डब्यावर पांढराशुभ्र बर्फ साचला होता, फ्रीजच्या वरच्या खणात साचतो तसा.

"याला इंजिनाचं गरम पाणी मिळालं तरच हा गॅसची वाफ करतो. जोर लावला की गॅस जास्त लागतो, पाणी नसेल तर हा गोठतो, इंजिन बंद. हे पाणी हीटरच्या नळातून फिरून येतं," त्याने केबिनमध्ये डोकं घातलं, "आणि हा नळ कुणी आवळलाय?"

मावशीने धुक्याकडे बघितलं. "पायावर ठिबकत होता. मोजे भिजायचे माझे."

"म्हणून पान्याने आवळलात?"

"घरातला नळ ठिबकला तर तुम्ही काय करता? आरती ओवाळता?"

होडीवाला खो खो हसत सुटला. जावई मात्र बंपरवर मटकन बसला. "तुमची लेक रोज मागे लागलीय, आईची गाडी ठसकतेय, जाऊन बघा. माझीच छाती होत नव्हती. वाटलं, मीच झडपा घालवल्या तुमच्या."

"तुम्हालाही तेच?" मावशीचा जीव भांड्यात पडला, आणि वर हसूही फुटलं. "अहो, मग दोघं मिळून घाबरलो असतो की!"

जावयाने नळ सैल केला, ठिबकत होतं तिथे रबराची पट्टी करकचून बांधली. होडीवाल्याने थर्मास पुढे केला, "डब्यावर ओतू? चहा आहे, पण गरम आहे."

"चहा मला द्या," जावई म्हणाला, "हत्तीला साधं पाणी चालतं."

जवळच्या टपरीवरून किटलीभर गरम पाणी आलं. बर्फ पाघळून ओघळला. मावशीने किल्ली फिरवली, पायाशी गरम वारं यायला लागेपर्यंत इंजिन नुसतं चालू ठेवलं आणि मग हलकेच पाय दाबला. हत्ती गुरगुरला, चाकं शेवाळावर जराशी घसरली, धरली, आणि होडी पाणी निथळत अशी वर आली जणू कधी अडलीच नव्हती. मावशी वरपर्यंत श्वास रोखून होती. सपाटीला लागल्यावर तिने तो सोडला तेव्हा समोरची काच धुरकटली.

होडी आवारात लागली. जावई उरलेल्या गालाची दाढी करायला घरी पळाला. "दादाला सांगू नका हं नळाचं," तिने मागून बजावलं.

"मी कशाला सांगतोय? होडीवाला सांगेलच!"

मावशीने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आवारातल्या नळाला पाइप जोडला आणि हत्तीच्या चाकांवरचं खारं पाणी धुवायला वाकली.