करपलेली भाकरी हातावर

भाकरी एका कडेला करपली होती. नवऱ्यानं ती ताटातून उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "धर. माझं जेवन हुईपर्यंत धरून उभी ऱ्हा. दिसू दे समद्यांना."

समद्यांना म्हणजे आमच्या दोन लेकरांना. पोरगी सात वर्षांची, पोरगा चार. आणि दार सताड उघडं, त्यामुळे चाळीतलं जे कोणी नळावर जाईल त्यालाही. मी उभी राहिले. तो सावकाश जेवला, ताक प्यायला, हात धुतला. मग म्हणाला, "टाक आता."

मारलं असतं तर बरं झालं असतं. माराचा वळ दाखवता येतो. नवऱ्यानं हातात भाकरी दिली, हे गाऱ्हाणं कुणाला सांगायचं?

तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणायची. इथे 'तो' म्हणतेय, ते मुद्दाम.

आम्ही मूळचे बीडकडचे. दुष्काळात गाव सोडलं आणि आकुर्डीला आलो. त्याला कारखान्यात लेथ मशीनवर काम मिळालं, आम्हाला पत्र्याची एक खोली. गावाकडे हा माणूस असा नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडताना माझ्या हातांना फोड आले, तेव्हा माझ्या वाटणीची खडी त्यानं फोडली होती. ते मी विसरले नव्हते. म्हणूनच मी आतून जास्त जळायची.

एकदाचं नव्हतंच ते. दूध उतू गेलं की रिकामं पातेलं हातावर. सदरा इस्त्रीनं जळला की सदरा हातावर. जे चुकेल ते धरायचं आणि उभं राहायचं. शेजारची म्हातारी इथल्याच जुन्या घराण्यातली, तिला एकदा धीर करून सांगितलं. ती म्हणाली, "आगं, बाप्या दिसभर मशिनीसंगं झगडतो. घरात तरी मोकळा हुऊ दे की त्याला. बाईनं पदरात घ्यायचं आसतं." मी पदरात घेत राहिले.

आणि एक सांगायलाच हवं, नाहीतर बाकीचं सगळं खोटं ठरेल. पोरीच्या हातून रॉकेलची बाटली फुटली. मी काचेचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि तिला दारात उभं केलं. तिचं बोट कापलं होतं. तिनं सांगितलं नाही. आणि मला त्या घडीला बरं वाटलं. माझ्याही खाली कुणीतरी आहे, म्हणून बरं वाटलं.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असायची. त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. मी ठेवणीतलं पातळ नेसले, लेकरांना तेल-पावडर करून घेऊन गेले. लेथला झेंडूची माळ होती. मशीन लोखंड कसं धरतं, ते कसं सोलून निघतं, हे नवरा पोरांना सांगत होता. त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी गावाकडचा माणूस दिसला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात त्याचा साहेब पेढे वाटत आला. वयानं नवऱ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. बरोबर बायको. साहेब म्हणाला, "काय रे, मंडळींना सगळं दाखवलंस? आणि तुझी ती खास जागा?"

नवरा खाली बघायला लागला. खांबाजवळ जमिनीवर पिवळ्या रंगाचा चौकोन होता. साहेबानं मलाच समजावून सांगितलं, "ज्याचा जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, मापात चुकतो ना, त्यानं तो हातावर घेऊन इथं उभं राहायचं. सुट्टी होईपर्यंत. सगळ्यांना दिसलं पाहिजे. तुमचे मिस्टर इथं नेहमीचे." मग वाया गेलेल्या मालातला एक तुकडा उचलून त्यानं नवऱ्याच्या हातावर ठेवला. "उभा राहून दाखव बरं."

नवरा उभा राहिला. सणाच्या दिवशी, कपाळाला कुंकू, हातावर लोखंड. साहेबाची बायको म्हणाली, "अहो, पुरे ना," आणि हसली. बाकीचे कामगारही हसले, कारण साहेब हसत होता. नवराही हसला.

पोरगी हसली नाही. तिनं माझं बोट ओढून विचारलं, "आय, आबालाबी धरायला लावत्यात व्हय?"

काळीज तुटलं माझं. इतके दिवस मी समजत होते, ही शिक्षा त्याच्या डोक्यातून निघाली. त्याच्या हातातून तो तुकडा काढून घ्यावा, असं फार वाटलं. साहेबासमोर पाय उचलला नाही. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी दसरा. कालवणात मीठ कमी पडलं. एरवीही तो हसून खाणाऱ्यातला नव्हताच, पण त्या दिवशी त्याचे डोळे वेगळे होते. मी त्याला तिथं पाहिलं होतं, त्याचा राग होता तो. त्यानं वाटी पुढे केली. "धर."

"न्हाई धरनार."

"काय म्हनलीस?"

"न्हाई धरनार. सायबाला जे म्हनायचंय ते सायबाला म्हना."

वाटी भिंतीवर आदळली. पोरगी फडकं घ्यायला उठली, तिला मी खाली बसवलं. तो ओरडला, "त्याला बोललो तर उंद्या कोन इचारतंय मला? खाशाल काय?" खरंच होतं ते. तो पायात वहाणा न घालता बाहेर निघून गेला.

म्हातारी आली. म्हणाली, "त्याचं दुखनं समजून घे गं." मी म्हणाले, समजलं. तुमच्यापेक्षा जास्त समजलं. समजलं म्हणून वाटी धरायची, हे मात्र मला कुणी शिकवू नका.

मग पोरीला जवळ घेतलं, तिचं ते बोट हातात घेतलं. म्हणाले, "बाटलीच्या वक्ताला माझं चुकलं."

तिनं बोट सोडवून घेतलं. मग म्हणाली, "आय, मीबी भावाला उभं करती. पाटी फोडली की. तू पान्याला गेल्यावर."

चार वर्षांचं लेकरू कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघत होतं. त्याच्या खाली आता कुणी उरलं नव्हतं.

नवऱ्यानं अबोला धरला आहे. गावी पाठवतो, असा म्हातारीकरवी निरोप देतो. पाठवू दे. दुसरी करीन म्हणतो, करू दे. त्या कारखान्यातला चौकोन मला पुसता येणार नाही, ते त्याचं त्यानं बघावं. पण ही खोली माझीही आहे. या खोलीत यापुढे कुणी कुणाला उभं करणार नाही. तो नाही, पोरगी नाही आणि सगळ्यात आधी मी नाही.